अपघातात मनगटातले ल्युनेट हाड निखळले आहे. शस्त्रक्रिया टाळून प्लास्टरने भागेल का?

आपल्या भावाला मोटारसायकलच्या अपघातानंतर ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणून पट्टी बांधून घरी पाठवले आणि दहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ल्युनेट निखळल्याचे सांगितले, असे आपण लिहिले आहे. हाताच्या शस्त्रक्रिया करणारा अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून माझे मत स्पष्ट आहे: केवळ प्लास्टरवर विसंबू नये.

वेगात पडताना पंजा मागे वळून त्यावर सगळा भार आला, की मनगटातील आठ लहान हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध बहुधा अंगठ्याच्या बाजूने एकामागून एक फाटत जातात. कित्येकदा स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या बाजूचे लहान हाडही मोडते. मोठे हाड शाबूत असल्यामुळे समोरून घेतलेला एक्स-रे घाईत पाहणाऱ्याला फसवतो. बाजूने घेतलेल्या एक्स-रेमध्ये मात्र ल्युनेट कलंडलेल्या कपासारखे तळहाताकडे झुकलेले दिसते. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या 166 रुग्णांच्या पाहणीत अशा सुमारे 25 टक्के दुखापती सुरुवातीला लक्षात आल्या नव्हत्या, त्यामुळे आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले ते दुर्दैवाने नवीन नाही.

भूल देऊन, हात ताणून हाड जागेवर आणता येते, परंतु ते पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत सोपे असते. शिवाय बसवलेले हाड तेथेच टिकेल याची खात्री नसते, कारण त्याला धरून ठेवणारे अस्थिबंध फाटलेले असतात आणि सूज उतरली की प्लास्टर सैल पडते. म्हणून सांधा उघडून हाडे नीट बसवतात, अस्थिबंध शिवतात, तात्पुरत्या तारा घालतात आणि स्कॅफॉइड मोडले असल्यास त्यात स्क्रू बसवतात. तारा साधारण दोन महिन्यांनी काढतात. बारीक तुकडे किती आहेत हे कळण्यासाठी आधी सीटी स्कॅन करून घेणे चांगले.

अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल किंवा मुंग्या वाढत असतील, तर मनगटातून पंजात जाणाऱ्या मीडियन नर्व्ह या मज्जातंतूवर दाब येत आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हाडवैद्याकडे नेऊन मनगट ओढून घेण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो कृपया ऐकू नका.

दहा दिवस म्हणजे फार उशीर नव्हे. सहा आठवडे उलटले, की हाड पूर्ववत बसवणे बरेच अवघड होते आणि कधी मनगटातील वरच्या रांगेतील तीन हाडे काढून टाकण्यावाचून पर्याय उरत नाही. शस्त्रक्रिया वेळेवर आणि उत्तम झाली तरी मनगट पूर्वीइतके वळत नाही, पकड थोडी कमी राहते आणि पुढे सांध्याची झीज होऊ शकते, हे भावाला आताच सांगून ठेवावे. त्याचे काम अंगमेहनतीचे असेल, तर कित्येक महिन्यांच्या रजेची तयारीही आधीच करावी लागेल.