क्लोनच्या गोष्टींत चूक नेमकी कुठे होते?

तुम्ही विचारलंय, क्लोनवरच्या, म्हणजे एखाद्या माणसाच्या हुबेहूब जैविक नकलेवरच्या, डिस्टोपियन (भयाण जग रंगवणाऱ्या) कादंबऱ्यांमध्ये क्लोनचा कायम बळीच का जातो? त्यांच्या अवयवांमुळे हजारो माणसं वाचत असतील, तर त्यात अनैतिक काय? आणि यातलं आधी काय वाचू?

मी तेरा वर्षं एका रुग्णालयात किडनी ट्रान्सप्लांटची कोऑर्डिनेटर म्हणून काम करतेय. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मी पुस्तकात वाचण्याआधी माणसांच्या तोंडून ऐकलाय. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेला, दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून ठेवणारा आणि मे महिन्यात बर्फाचा खडा चघळून तहान मारणारा माणूस समोर बसलेला असतो. त्याला तत्त्वज्ञान सांगायची माझी हिंमत होत नाही. तुमचा प्रश्न खरा आहे, आणि या विषयावरची चांगली पुस्तकं तो टाळत नाहीत.

काझुओ इशिगुरोंची 'नेव्हर लेट मी गो' (२००५) घ्या. विसाव्या शतकाच्या अखेरचं इंग्लंड. एकतीस वर्षांची कॅथी हेलशॅम नावाच्या निवासी शाळेतल्या आठवणी सांगते. खेळ, चित्रकला, मैत्रिणींचे रुसवेफुगवे. वाचता वाचता कळत जातं की ही सगळी मुलं क्लोन आहेत. मोठी झाली की त्यांचे अवयव एकेक करून काढायचे, आणि फार तर चौथ्या ऑपरेशनपर्यंत ती संपायची. शेवटाकडे शाळेच्या बाई, मिस एमिली, कॅथीला आणि तिच्या प्रियकराला, टॉमीला, सगळं उलगडून सांगतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या जगाला कॅन्सर बरा होण्याची सवय लागली, त्याला पुन्हा मागे जा असं कसं सांगणार? लोकांना आपली मुलं, आपले आईवडील, आपला नवरा, आपली बायको जगायला हवी होती. म्हणून त्यांनी तुम्हा क्लोनकडे बघायचंच टाळलं.

या पुस्तकात खलनायक असा कुणी नाही. मला ते सगळ्यात जास्त याचमुळे लागलं. ते नातेवाईक मी ओळखते. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन तेच बसलेले असतात, आणि ती वाईट माणसं नसतात.

त्या जगात अवयव काढण्याला 'डोनेशन' म्हणतात आणि मरण्याला 'कम्प्लीट' होणं. मीही दिवसातून पन्नास वेळा 'अवयवदान' हा शब्द उच्चारते, म्हणून इथे थबकले. रक्तदान, नेत्रदान, देहदान म्हणताना देणारा स्वतःचं काहीतरी देत असतो. पण आपल्याकडे कन्यादानही होतं, आणि त्यात जी दिली जायची तिला कुणी विचारायचं नाही. कॅथीचं डोनेशन या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

म्हणजे माझ्या मते चूक नक्कल करण्यात नाही. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं हे निसर्गाने केलेले क्लोनच असतात, आणि त्यांना कुणी पाप म्हणत नाही. तरी आज माणसाचा क्लोन करायला माझा ठाम विरोध आहे, पण त्याचं कारण वेगळं आणि साधं आहे. ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये क्लोन केलेली डॉली मेंढी जन्मली, ती २७७ प्रयत्नांतली एकटी. प्राण्यांच्या क्लोनिंगमध्ये आजही गर्भ पडणं, पिल्लं दगावणं भरपूर आहे. ही जोखीम माणसाच्या आईवर आणि बाळावर कोण घालणार? उद्या तंत्र निर्धोक झालं, तर हा आक्षेप गळून पडेल. कादंबऱ्यांचा आक्षेप मात्र तेव्हाही उरतो, कारण मूल कशासाठी जन्माला घातलं हा तो आक्षेप आहे.

नॅन्सी फार्मर यांची 'द हाउस ऑफ द स्कॉर्पियन' (२००२) हे अगदी अंगावर येईल असं दाखवते. अमेरिका आणि मेक्सिकोच्या मधल्या अफूच्या राज्यात एल पात्रोन नावाचा शंभरी कधीच ओलांडलेला म्हातारा मालक आहे. मॅट हा त्याचा क्लोन, त्याला अवयव पुरवायला बनवलेला. मॅटच्या तळपायावर तो अलाक्रान इस्टेटची मालमत्ता असल्याचं गोंदलेलं आहे. तळपायावर, म्हणजे रोज चालताना तो त्यावरच पाय टेकतो! त्या जगात क्लोनचा मेंदू जन्मतःच निकामी करायचा कायदा आहे. "मेंदूच नसेल तर कुणावर अन्याय?" असं मला बरेच जण विचारतात, त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. मेंदू आधी नव्हताच असं नाही, तो काढून घ्यावा लागतो. काढून घ्यावा लागतो याचाच अर्थ तिथे कुणीतरी होतं.

हक्सलेंच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) अवयवांचा विषयच नाही. तिथे एका बीजापासून ९६ पर्यंत एकसारखी माणसं बनवून त्यांना ठरलेल्या कामाला जुंपतात. जन्मावरून काम ठरवणं म्हणजे काय हे आपल्याला प्रयोगशाळेशिवायही ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

मग विचारून घेतलं की झालं का? तेही इतकं सोपं नाही. महाभारतातला ययाती म्हातारपण आल्यावर मुलांकडे त्यांचं तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नाही म्हणतात आणि प्रत्येकाला बापाचा शाप मिळतो. मग पुरू हो म्हणतो. पुरूच्या त्यागाचं कौतुक आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. चार भावांना शाप मिळालेला असताना त्याने दिलेला होकार कितपत मोकळा होता, हा प्रश्न मला या नोकरीत आल्यावर पडला.

आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि जिवंत दात्याने स्वखुशीने दिलं पाहिजे अशी अट आहे. त्यासाठी आम्ही दात्याशी एकट्याने बोलतो. एकदा बावीसेक वर्षांची मुलगी आली होती, थोरल्या भावाला किडनी द्यायला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बाहेर आई, काका, वहिनी. आत ती आणि मी. तिने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, पेन्सिलीने पानांना नंबर घालून आणले होते.

"सगळं जुळलंय ना, मॅडम?" तिने विचारलं.

"जुळलंय. पण मी ते विचारत नाहीये. तुला द्यायची आहे का?"

ती बराच वेळ फाइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणाले, देवाची कृपा, हिची जुळली."

आणखी थोड्या वेळाने, अगदी हळू: "नाही म्हटलं तर मला त्या घरात राहता येईल का?"

आमच्या डॉक्टरांनी बाहेर जाऊन एवढंच सांगितलं की वैद्यकीयदृष्ट्या ही मुलगी दाता होऊ शकत नाही. असं करण्याची पद्धत आहे, आणि ती मला योग्य वाटते. भावाचं नाव मृत दात्यांकडून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत गेलं. चौदा महिन्यांनी तो वारला. त्याचा नंबर लागला नाही.

तुमच्या हिशेबाने आम्ही चुकलो. एक जीव वाचला असता, आणि ती एका किडनीवर बहुतेक ठणठणीत जगली असती. त्याच्या आईने कॉरिडॉरमध्ये माझा हात धरून विचारलं होतं, "दुसरं काहीच करता आलं नसतं का हो?" मी "नाही" म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. तरीही त्या मुलीला बंद दाराआड तो प्रश्न विचारला याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. तिची किडनी भावाला जुळत होती, म्हणून ती भावाची झाली नव्हती.

वाचायला सुरुवात इशिगुरोंपासून करा. मिस एमिलींकडून परतताना टॉमी अंधारात गाडी थांबवायला लावतो, चिखलाच्या शेतात जातो आणि जिवाच्या आकांताने ओरडत राहतो. त्या पुस्तकात कुणी 'नाही' म्हणतं ते एवढंच, आणि ऐकायला एकटी कॅथी असते.