विभागाचे जुने कागद: दप्तर, अभिलेख की पुराभिलेख?

ऐरोलीच्या एका संशोधक ताईंचा प्रश्न आहे: "समाजशास्त्र विभागाच्या जुन्या कागदपत्रांवर मराठीत लिहिते आहे. त्यांना दप्तर म्हणू, अभिलेख की पुराभिलेख? आणि फॅकल्टीला काय म्हणू?"

ताई, तिन्ही शब्द आपले, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

दप्तर म्हणजे अख्खा संग्रह. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि मोजदादही रुमालांचीच होते. मला हा शब्द फार आवडतो. पण आज ठाण्यात नुसतं 'दप्तर' म्हटलं की शाळेच्या पोराची पिशवीच डोळ्यांपुढे येते. तेव्हा 'विभागाचं दप्तर' असं जोडूनच लिहा.

अभिलेख म्हणजे कामाच्या ओघात तयार झालेला आणि पुराव्यासाठी ठेवलेला कागद. भूमी अभिलेख कार्यालयामुळे तो घरोघरी माहीत आहे. सरकारी कार्यालयांत अभिलेखांची वर्गवारी करतात: 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' ३० वर्षं, 'ड' जेमतेम वर्षभर. पुराभिलेख कशाला म्हणायचं ते इथेच उलगडतं. 'पुरा'मुळे जुना तो पुराभिलेख असं वाटतं, पण नुसतं वय पुरत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं खडूंच्या खरेदीचं बिल बहुधा रद्दीत जाईल. अभ्यास मंडळाचं इतिवृत्त मात्र रोजच्या कामातून सुटलं तरी कायम जपायचं. असा जपलेला अभिलेख तो पुराभिलेख. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, १९२४ मध्ये गो. स. घुर्ये यांनी सूत्रं घेतली. त्या काळातला अभ्यासक्रमाचा एखादा ठराव हाती लागला, तर तो निःसंशय पुराभिलेख. बाळकुमच्या ठाणे उपपरिसरातला यंदाचा हजेरीपट हा साधा अभिलेख.

फॅकल्टीच्या बाबतीत मात्र जपून. कायद्यातली फॅकल्टी म्हणजे विद्याशाखा, तिचा प्रमुख अधिष्ठाता. बोलण्यातली फॅकल्टी म्हणजे प्राध्यापकमंडळी. जुन्या इंग्रजी इतिवृत्तात 'फॅकल्टी मीटिंग' दिसली की आधी अध्यक्षस्थानी कोण ते बघा. अधिष्ठाता असतील तर बहुधा विद्याशाखेची सभा, विभागप्रमुख असतील तर अध्यापकांची बैठक. विषयपत्रिकाही वाचा: तासिकांची वाटणी विद्याशाखेच्या सभेत होत नाही.

आणखी एक. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार सामाजिक शास्त्रं मानव्यविद्या शाखेत येतात. म्हणून आजच्या मुंबई विद्यापीठाबद्दल 'सामाजिक शास्त्र विद्याशाखा' लिहू नका. जुन्या कागदावर 'कला शाखा' असेल, तर नोंदीत तेच नाव ठेवा आणि आजचं नाव हवं तर तळटीपेत द्या. शीर्षकासाठी माझी पसंती: 'समाजशास्त्र विभागाचे पुराभिलेख'.