ठिपका दिसला म्हणजे वाण फसलं नाही : सोयाबीनवरचा तांबेरा

प्रश्न : फुले संगम पेरून ५५ दिवस झाले. यावर तांबेरा येत नाही म्हणून हे वाण घेतलं, तर आता खालच्या पानांवर लालसर ठिपके आलेत. दुकानदार म्हणतात, वाण फसलं, तीन औषधं एकत्र करून दुप्पट मात्रेत मारा. काय करू?

उत्तर : आधी पंप खाली ठेवा. ठिपक्याचं पान तोडा, उलटं करा आणि खालच्या बाजूवरून बोट घासा. बोटाला तपकिरी भुकटी लागली तर तो वाढता तांबेरा. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, तिचं बी. ठिपका लालसर-काळपट आणि बोट कोरडं, तर बहुधा वाण त्याचं काम करतंय. बुरशी पानात शिरली की प्रतिकारक झाड तिच्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशीवर जगते, त्यामुळे ती तिथंच अडकते आणि बीजाणू फार थोडे तयार होतात, किंवा होतच नाहीत. जेएस-३३५ या तांबेऱ्याला बळी पडणाऱ्या जुन्या वाणाच्या पानावर हेच ठिपके फिके, फुगीर येतात आणि भुकटी उधळतात. कोरड्या ठिपक्याभोवती पिवळं कडं असेल तर तो बहुधा जिवाणूजन्य पुरळ. त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग शून्य.

प्रतिकारक म्हणजे एकही डाग न पडणारं वाण नव्हे. हे बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेलं नसतं, आणि नेमक्या याच गैरसमजावर दुकानात बाटल्या खपतात. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सांगली-कोल्हापूरच्या शिवारात मी हेच बघतो : वाण उभं आहे, पान हिरवं आहे आणि शेतकरी पंप घेऊन उभा.

शेतात मधूनच एखादं झाड भुकटीनं भरलेलं असेल आणि शेजारची झाडं स्वच्छ असतील, तर ती बियाण्यातली भेसळ. तेवढी झाडं उपटून पुरा. सगळीकडे वरच्या पानांपर्यंत भुकटी चढत असेल तरच फवारा : हेक्झाकोनॅझोल ५ ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, दोन्हींपैकी एकच, १० लिटर पाण्याला १० मिली. एकरी २०० लिटर पाणी आणि नोझल पानाखाली जाईल असा. गरज वाटली तर १५ दिवसांनी पुन्हा.

मात्रा दुप्पट करू नका. ही औषधं झाडाची वाढही रोखतात. जास्त झाली की पान जाड, गडद होतं, पेरं आखूड पडतात आणि शेतकऱ्याला वाटतं पीक 'काळंभोर' झालं. त्यात कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत ओतलं की फुलोऱ्यात पानं करपणं ठरलेलं. पुन्हा सांगतो : एक औषध, लेबलवरची मात्रा, भुकटी वर चढताना दिसल्यावर. निम्मं पीक पिवळं पडून पानगळ लागल्यावर मारलेलं औषध मातीत जातं.

प्रश्न : घरचं जेएस-३३५ आहे. दरवर्षी दोन फवारण्या करतो, तरी शेंगा पोचट. वाण बदलू का?

उत्तर : बदलाच. तुमच्या कृष्णाकाठच्या दमट हवेत या वाणाला तांबेरा सोडत नाही. फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया ही वाणं तुमच्याच भागातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची. फुले संगमचं दुसरं नाव केडीएस-७२६, त्यातला 'केडी' म्हणजे तेच गाव. यंदा एकाच वाणावर सगळं रान टाकू नका, दोन वाणं घ्या. बुरशीही बदलते, आणि एका जनुकावर टिकलेला प्रतिकार मोडल्याची उदाहरणं जगात आहेत. म्हणूनच उन्हाळी सोयाबीन आणि बांधावर आपोआप उगवलेली झाडं ठेवू नका. तांबेरा बियाण्यातून येत नाही, वाळलेल्या काडात टिकत नाही. त्याला हिरवं पान लागतं आणि ते आपणच वर्षभर पुरवतो.

बियाणं एकदा प्रमाणित घ्या, पुढची तीन वर्षं घरचंच वापरा. माझा आग्रह याच गोष्टीचा आहे. सोयाबीनचं परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे प्रतिकार घरच्या बियाण्यातही तसाच उतरतो. दरवर्षी नवी पिशवी घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. फुलोऱ्यात वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडं उपटा. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा. पोती उंचावरून आपटू नका, या बियाण्याची साल पातळ असते. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे.

आणि तांबेऱ्याचा प्रतिकार फक्त तांबेऱ्यापुरताच. मूळकूज, खोडकूज, पिवळा मोझॅक यांना हे वाण आपोआप अडवत नाही. पेरताना किलोमागे ८ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लावाच. रासायनिक बीजप्रक्रिया करणार असाल तर ती आधी, रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी.

प्रश्न : प्रतिकारक वाणाच्या बियाण्यावर अनुदान आहे का?

उत्तर : प्रमाणित बियाण्यावर असतं. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, पेरणीच्या तोंडावर नाही तर अर्ज सुरू होताच करा. पावती वाणाच्या नावासह घ्या आणि पिशवीचं लेबल पीक निघेपर्यंत जपा. उगवण कमी निघाली तर तक्रारीला हेच दोन कागद लागतात.