आईच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी ऑक्ट्रिओटाइड घ्यावं की लॅनरिओटाइड?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'लॅनरिओटाइड महाग आहे, म्हणजे जास्त चांगलं असेल ना?' त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या घरात तीन वर्षं ऐकतेय.

ह्यांना ॲक्रोमेगाली आहे, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे वाढीचं हार्मोन जास्त तयार होतं; त्यावरही हीच औषधं देतात. चपलेचा नंबर ८ चा १० झाला, लग्नातली अंगठी कापून काढावी लागली, तेव्हा कुठे निदान झालं. नाकातून ऑपरेशन झालं, पण गाठीचा थोडा भाग मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो तसाच ठेवावा लागला. म्हणून ऑक्ट्रिओटाइडचं लांब चालणारं इंजेक्शन, २० मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी. औषध परळहून आणायचं, गार डब्यात ठेवून, बर्फाला थेट लागू न देता, गर्दीच्या लोकलने डोंबिवलीपर्यंत. तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही कधी.

आणि एवढं करून घराजवळच्या नर्सिंग होममध्ये काय झालं, तर सिस्टरनी खोकं फ्रिजमधून काढलं आणि त्याच मिनिटाला पावडरीत द्रावण घातलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. पावडर भिजलीच नाही, ओल्या खडूच्या चुऱ्यासारखी तळाला चिकटून बसली. इंजेक्शन देताना सुई अर्ध्यावर अडली. ह्यांनी कॉटचा लोखंडी दांडा घट्ट धरलेला, आणि सिस्टर दुसरी सुई शोधतायत. शेवटी बाटलीत पांढरा थर राहिला तो राहिलाच. पुढच्या तपासणीत आयजीएफ-१, म्हणजे वाढीचं हार्मोन किती आहे ते दाखवणारा रक्तातला घटक, उतरायचं सोडून चढलं. मोठे दीर म्हणाले, "स्वस्तातलं आणलंत, मग दुसरं काय होणार?" मी तेव्हा गप्प बसले.

नंतर आम्ही जागा बदलली, औषध नाही. तिथल्या सिस्टर खोकं आधी अर्धा-पाऊण तास टेबलावर ठेवतात. द्रावण घातल्यावर पावडर पूर्ण भिजेपर्यंत बाटलीला हात लावत नाहीत, मग हलवतात, आणि दुधासारखं एकजीव झालं की न थांबता कमरेत स्नायूत खोल देतात. तेच औषध, तेच २० मिलिग्रॅम. तीन इंजेक्शनांनंतर आयजीएफ-१ वयाच्या मर्यादेत आलं. भाऊजी, औषध तेच होतं.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही औषधं सोमॅटोस्टॅटिन या आपल्याच शरीरातल्या हार्मोनची नक्कल आहेत. मूळ हार्मोन रक्तात दोन-तीन मिनिटं टिकतं, हे महिनाभर पुरतं. लॅनरिओटाइड भरलेल्या सिरिंजमध्येच येतं, कालवायचं काही नाही, कातडीखाली खोल द्यायचं. ते घट्ट जेल असतं, म्हणून तेही अर्धा तास आधी बाहेर काढायचं आणि सावकाश ढकलायचं. तुमच्या जवळपास नीट कालवणारं कोणी नसेल तर खुशाल लॅनरिओटाइड घ्या. जास्त पैसे मोजायला माझ्या मते एवढंच कारण पुरेसं आहे.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ. तिची वाढ दोन्हींनी लांबते. ऑक्ट्रिओटाइडचा प्रोमिड अभ्यास २००९ चा: गाठ वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांची गाठ वाढेपर्यंत गेलेला) औषधावर १४.३ महिने, औषध नसलेल्या नुसत्या द्रावणावर ६. लॅनरिओटाइडचा क्लॅरिनेट २०१४ चा: दोन वर्षांनी गाठ न वाढलेले औषधावर सुमारे ६५ टक्के, औषधाविना ३३. हे आकडे शेजारी मांडून लॅनरिओटाइड जिंकलं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्यात लहान आतड्याच्या बाजूच्याच गाठी होत्या, दुसऱ्यात स्वादुपिंडाच्याही, आणि त्यातल्या बहुतेकांची गाठ मुळात वाढतच नव्हती. आईला जुलाब आणि चेहरा लाल होण्याचा त्रास असेल तर दोन्हींनी आराम पडतो.

पेगव्हिसोमँटचं नाव कोणी सुचवलं तर ते औषध ॲक्रोमेगालीचं आहे, तुमच्या आईसाठी नाही. पासिरिओटाइड हे याच जातीचं आणखी एक औषध, पण त्याने साखर फार चढते, आमच्या डॉक्टरांनी ह्यांच्या मधुमेहामुळे तो विषयच बंद केला.

हे आधी लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही. दोन्ही औषधांनी पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून सुरू करण्याआधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. साखर वर-खाली होते, नाडी मंदावते, तेव्हा आईला मधुमेहाची किंवा ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. सुरुवातीला चिकट, तेलकट शौचाला होतं, घाबरू नका. डॉक्टरांनी ऑक्ट्रिओटाइडच लिहिलं असेल तर तेच घ्या, फक्त पहिल्या दिवशी स्वतः आत जा. झाल्यावर रिकामी बाटली मागून घ्या आणि उजेडात धरून बघा. आमची ती जुनी बाटली अजून माझ्या कपाटात आहे, पांढऱ्या थरासकट.