पाळकीणबाईंना विचारा : भातलावणीच्या दिवसांतली नेमणूक

प्रश्न : बाई, सलाम. मी नगर जिल्ह्यातला. सेमिनरी संपली आणि जूनमध्ये जांबोटी भागातल्या एका गावी चर्चचा सुवार्तिक म्हणून नेमणूक झाली. रविवारी उपासनेला चार डोकी. घरभेटीला जावं तर दाराला कडी, नाहीतर आत एकटी म्हातारी. बसच्या पाट्या कन्नडात. मुलांसाठी मोफत शिकवणी काढावी असं मनात आहे. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे?" महिन्याच्या अहवालात लिहू तरी काय?
– एक सुवार्तिक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : सलाम, भाऊ. जुलैत जांबोटीकडं माणूस घरात सापडतो होय? पहाटेपासून सगळं गाव चिखलात. आमच्या पाळकसाहेबांची नेमणूक त्याच पट्ट्यात होती, म्हणून सांगते. पवित्र शास्त्र खोलीवर ठेवा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि बांधावर जा. लावणी तुम्हाला जमायची नाही, बायका हसतील. पण तरव्यातून उपटलेल्या रोपांच्या मुठी लावणाऱ्यांपर्यंत पोचवणं कुणालाही जमतं. सकाळची पेज बांधावर येते, सोबत लोणच्याची फोड. "बसा की वो पास्टर, पेज घ्या" म्हणाले की बसायचं. तिथं उपदेश नको. पाऊस, बैल, कुणाची लेक कुठं दिली, एवढंच ऐका. त्या म्हातारीकडं मात्र जरूर जात राहा. गावातली सगळी नाती तिला पाठ असतात, आणि दिवसभर बोलायला तिला कुणी नसतं.

शिकवणी आत्ता नको. कर्नाटकाच्या २०२२च्या धर्मांतरविरोधी कायद्यानं आमिषांमध्ये भेटवस्तू धरल्या, तसं धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही धरलं. पुढच्या सरकारनं २०२३मध्ये तो रद्द करायचं ठरवलं खरं, पण गावातली कुजबुज मंत्रिमंडळाला विचारून चालत नाही. शाळेतल्या गुरुजींना भेटा. त्यांनी बोलावलं तर त्यांच्याच वर्गात, त्यांच्यासमोर गणित घ्या.

कन्नड शिकाच. घरात, शेतात मराठी चालते, पण तहसीलचा कागद, दवाखान्यातली चिठ्ठी आणि बसची पाटी कन्नडात. गावातल्या पोरांना अक्षरं येतात, त्यांच्याकडून गिरवून घ्या. सुवार्तिक पोरांपुढं पाटी धरून बसलाय हे बघून गाव निम्मं आपलं होतं! दारात आलेल्या कन्नड माणसाला "बर्री, कूडरी" (या, बसा) एवढं तरी म्हणता आलं पाहिजे.

टपरीवरच्या प्रश्नात शिरू नका. तो १९५६पासूनचा आहे, तुमच्या-माझ्यानं सुटणारा नाही. "नगरचा आहे, नेमणूक इथं आहे" म्हणा आणि चहा संपवा. १ नोव्हेंबरला मात्र मंडळीचा कसलाही कार्यक्रम ठेवू नका. सरकारचा राज्योत्सव असतो, मराठी माणसाचा काळा दिन. त्या दिवशी तुमचं गाणंसुद्धा कुणाच्या तरी बाजूचं ठरेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. पावसाळ्यात साप निघतात. कुणाला चावला आणि लोक तुमच्या दारी आले तर आधी गाडी बघा आणि खानापूरचा सरकारी दवाखाना गाठा. प्रार्थना गाडीत बसल्यावर. चालू गोळ्या कुणाच्या बंद करायला लावाल तर मला पुन्हा पत्र लिहू नका.

राहिला अहवाल. लंडन मिशनची माणसं बेळगावात आली १८२० साली. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी तुमच्या गावात रविवारी चार डोकी. आणि वरच्या साहेबांना पहिल्याच महिन्यात आकडा हवा! चार असतील तर चारच लिहा, चाळीस करू नका. 'इतर कार्य' असा रकाना असेल, त्यात लिहा : लावणीला मदत केली, कन्नड मुळाक्षरं चालू आहेत. साहेबांनी कान धरला तर म्हणावं, भात कापून घरात आल्यावर एकदा येऊन बघा. तोवर छत्रीच्या भरवशावर राहू नका. त्या पावसात ती उलटी होते. खानापूरच्या बाजारातून प्लास्टिकची खोळ घ्या.