पळणारा, डोंगर हिंडणारा वर्गमित्र गेला. त्याच्या आठवणीत वर्गानं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मित्राला जाऊन दोन महिने झालेत, वर्गाच्या ग्रुपवर बाकडं, फ्लेक्स, स्मृतिचषक अशा सूचना आल्यात आणि कशावरच एकमत होत नाही. आम्ही साताऱ्याची २००० सालची दहावीची बॅच. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं, चषकासाठी वर्गणीसुद्धा जमली होती.

आमचा मित्र रोज पहाटे किल्ल्यावर जायचा. किल्ला म्हणजे अजिंक्यतारा. साताऱ्यात नुसतं किल्ला म्हटलं तरी कळतं. शाळेत असताना त्याच्या नादानं मीही जायचो, पण मी जाडा, निम्म्या वाटेतच धाप लागायची. तो पळत वर जायचा, महादरवाज्याला हात लावून परत खाली माझ्यापर्यंत यायचा, ‘चल की मर्दा’ म्हणायचा आणि माझ्याबरोबर चालत पुन्हा वर. माझी एक खेप म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मला तेव्हा वाटायचं, याला हौसच आहे.

२०१२ साली साताऱ्यात हिल मॅरेथॉन सुरू झाली. साधारण २१ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि गेलो तसंच उतरून यायचं. पळून आल्यावर किती वेळ लागला विचारलं तर हा धड सांगायचा नाही. धुकं कुठपर्यंत होतं, कुठल्या वळणावर तेरडा फुललाय, हे मात्र अर्धा तास ऐकवायचा.

एप्रिल २०२१मध्ये गेला, दुसऱ्या लाटेत. तेव्हा घरातल्या घरात सहा मिनिटं चालून ऑक्सिजन मोजायला सांगायचे, आठवत असेल. फोनवर म्हणाला, “चालायच्या आधी ९५, चालल्यावर ८८. सहा मिनिटांत दमलो लेका.” हसला. मीही हसलो. ते माझं हसणं अजून टोचतं. नंतर ‘एवढा पळायचा, काय उपयोग झाला?’ असं म्हणणारेही भेटले. तुम्हालाही भेटतील. उत्तर देत बसू नका.

आता काय करावं ते. आधी त्याच्या घरी जा, आणि सांत्वनाला म्हणून जाऊ नका. आम्ही गेलो तेव्हा काकूंना सांगितलं की नववीत इतिहासाची शिकवणी बुडवून आम्ही दोघं सायकलवर कासला गेलो होतो, येताना तो सायकल माझ्याकडे देऊन घाट पळत उतरला होता. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. “तरीच बूट एवढे चिखलाचे!” म्हणाल्या. पावसाळाभर त्याच्या बुटांत रद्दीचे बोळे कोंबून वाळवायचं काम त्यांच्याकडेच होतं. मग वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या त्या शिकवणीसाठी मला त्या दिवशी शिव्या बसल्या. आईला ठाऊक नसलेलं तिच्या मुलाचं काहीतरी तुमच्याकडे नक्की असेल. ते घेऊन जा.

चषक आम्ही रद्द केला. ज्यानं कधी वेळ सांगितली नाही, त्याच्या नावानं पहिला-दुसरा नंबर काढायचा, हे पटेना. २०२२च्या पावसाळ्यात परवानगी काढून उतारावर चाळीस रोपं लावली: करंज, कडुनिंब, वड. फोटो झाले, वडापाव झाला, सगळे पुण्या-मुंबईला परतले. पुढच्या मे महिन्यात नऊ उरली होती. काही उन्हानं गेली, जास्त वणव्यानं. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरावरचं वाळलेलं गवत पेटतं, बऱ्याचदा कुणीतरी पेटवलेलंच असतं. याच गोष्टीवर तो मित्र खरा चिडायचा, एरवी शांत माणूस.

तेव्हा झाडं लावायची असतील तर पावसाळ्यात किती लावली हे मोजू नका. फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. आम्ही अकराजण आहोत. साताऱ्यात राहणारे चौघं दर रविवारी आणि बाहेरचे सुट्टीला येतील तसे, प्रत्येकी पाच लिटरचा कॅन घेऊन चढतो. पळत कुणीच नाही. वर गेल्यावर भाषण नाही, फोटोला हार नाही. पाणी घालायचं, बुंध्याभोवतीचं गवत काढायचं, खाली येऊन चहा. मी अजूनही सगळ्यात मागे असतो, आणि पुढे गेलेल्यांपैकी कुणीतरी माझा कॅन घ्यायला परत खाली येतो. हे कुणी ठरवलेलं नाही.

मागच्या वर्षी नवातले दोन करंज पुन्हा वणव्यात गेले. यंदा जानेवारीतच भोवतालचं गवत कापून घेतलंय, दोन हात रुंद पट्टा. सात झाडं आहेत.