नऊ वर्षांचा डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, सुरू व्हायला पाच मिनिटं. भंगारात काढू का?

इतक्यात नको. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीही न करता डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर बहुतेक वेळा दोषी जुनी हार्ड डिस्कच. तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, कितीतरी वेगवान डिस्क) टाका. माझ्या सिडकोतल्या घरचा असाच डबा आता चहा गाळेपर्यंत सुरू होतो. रॅम ८ जीबी करा, पण दुकानात जाताना रॅमची जुनी पट्टी खिशात न्या. रॅमचे प्रकार वेगवेगळे असतात, डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. (मी एकदा हेलपाटा घातलाय.)

धूळ काढताना वायर काढून ठेवा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. माझ्या हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) तर चक्क नमदा जमला होता! रॅमचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधले (मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे) नको ते प्रोग्राम बंद करा. 'पीसी फास्ट करा'वाली फुकट सॉफ्टवेअरं मात्र घेऊ नका, तीच जास्त चरतात.

विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. मशीन विंडोज ११ घेत नसेल, तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघा. सगळ्यात आधी फोटोंचा बॅकअप, हे सांगायला नकोच.